मृगयावर्णनांतील वारा : कालिदास, बाण आणि पारधी

संस्कृत काव्यांतील मृगयावर्णनांविषयीं दोन मतें वारंवार ऐकूं येतात. पहिलें काव्यभक्तांचें. कालिदासानें पळणाऱ्या हरिणाचें चित्र इतकें हुबेहूब काढिलें आहे कीं, तो स्वतः कसलेला शिकारी असला पाहिजे, आणि मृगयेविषयीं जें जें जाणण्याजोगें तें तें त्याच्या ग्रंथांत असलेंच पाहिजे, असें हे लोक मानतात. दुसरें मत रानावनांत हिंडलेल्या मंडळींचें. हरिणाच्या पारधींत पहिला विचार वाऱ्याचा. माणसाचा वास एकदां जनावराच्या नाकीं गेला कीं पुढचे सर्व श्रम व्यर्थ. आणि आमच्या कवींच्या राजांना वारा कोणीकडून वाहतो याची शुद्धहि नाहीं, तेव्हां हीं वर्णनें घरीं बसून रचलेलीं होत, असा त्यांचा आक्षेप. हीं दोन्ही मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. दोहोंचा दोष एकच आहे. ग्रंथास प्रश्न विचारण्यापूर्वीं तो कोणाच्या बाजूनें लिहिला गेला, हें दोघांनींहि पाहिलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत वाऱ्याचा हा एकच धागा धरून कांहीं प्रसिद्ध मृगयावर्णनें तपासण्याचा आमचा विचार आहे.

(१) प्रथम वाऱ्याचा प्रश्न म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण पोथ्यांत रमणाऱ्या वाचकांस तो कदाचित् क्षुल्लक वाटेल. माणसाच्या अंगाचा वास वाऱ्याबरोबर वाहत जातो. म्हणून सावजाच्या जवळ जाणाऱ्यानें वारा आपल्या तोंडावर घेऊन चालावें, पाठीवर घेऊं नये, एवढें सूत्र कोणासहि समजेल. सपाट माळावर तें पाळणेंहि सोपें असतें. चिमूटभर माती हातांतून सोडावी, ती कोणत्या अंगास उडते तें पाहावें, आणि पाऊल टाकावें.

डोंगराळ मुलुखांत मात्र हें सूत्र जागजागीं फसतें. रात्रीं उतार थंड होतो, त्यालगतची हवा जड होते आणि घळींतून खालीं उतरूं लागते. सकाळीं ऊन पडून तोच उतार तापला म्हणजे तीच हवा उलट वर चढूं लागते. अर्थात् कड्याच्या मध्यावर सांबर बसलें असेल तर पहाटे खालून वर जाणारा शहाणा, आणि ऊन चढल्यावर वरून खालीं येणारा शहाणा. पाऊलवाट तीच, जनावर तेंच, पण दोन प्रहरांत शहाणपण उलटें होतें. शिवाय जोराचा वारा डोंगराची धार ओलांडून पलीकडे गेला कीं, आडोशाच्या बाजूस तो सरळ वाहत नाहीं. भोवऱ्यासारखा फिरून कड्याकडे परत येतो. घळींच्या तोंडाशीं दोन वारे एकमेकांस मिळतात व क्षणांत दिशा पालटतात. पावसाळ्यांत नाणेघाटाच्या तोंडाशीं खालीं पडणारें पाणी वाऱ्यानें उलटें वर उडतांना ज्यांनीं पाहिलें असेल, अथवा हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावरून टाकलेली हलकी वस्तु वर परत येतांना पाहिली असेल, त्यांस आकाशांतील ढगांची दिशा आणि कड्यालगतच्या वाऱ्याची दिशा या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हें निराळें सांगावयास नको.

हें ज्ञान आमच्याच देशाचें आहे असें नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील हरिणांच्या शिकारीवर विल्यम स्क्रोप यानें १८३८ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत वारा हें एक मुख्य पात्रच आहे असें म्हटलें तरी चालेल. आमच्याकडील कुमाऊं प्रांताविषयीं जिम कॉर्बेट यानें १९४४ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत तर हाच विचार उलट बाजूनें आला आहे. माणसाचें नाक निकामी आहे हें वाघास ठाऊक नसतें. म्हणून नरभक्षक वाघहि, माणूस म्हणजे जणूं हरीणच अशा समजुतीनें, आपला वास त्याच्याकडे जाणार नाहीं अशाच बाजूनें येतो. आणि हें ओळखून माणसानें आपल्यावर संकट कोणत्या दिशेनें येण्याचा संभव अधिक, तें वाऱ्यावरून ठरवावें, असें तो सांगतो.

आणखी एक भेद येथें ध्यानांत ठेवावा, कारण पुढील विवेचनाचा सर्व भार त्यावर आहे. सर्व मृग सारखे नाहींत. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. त्याचा मुख्य भरंवसा डोळ्यांवर आणि पायांवर. सांबर हें दाट रानाचें व डोंगरउताराचें जनावर; त्याचा भरंवसा नाकावर आणि कानांवर. वाऱ्याची फसगत काळविटाच्या माळावर सहसा होत नाहीं. सांबराच्या कड्यावर ती क्षणोक्षणीं होते.

(२) आतां शाकुंतलाचा पहिला अंक पाहूं. दुष्यंत रथांत बसून ज्याचा पाठलाग करतो तो मृग कृष्णसार, म्हणजे काळवीट आहे. हरीण दृष्टीआड होऊं लागतें तेव्हां राजा त्याचें कारण विचारतो, आणि सारथि उत्तर देतो कीं, जमीन खांचखळग्यांची असल्यामुळें लगाम आंखडून रथाचा वेग कमी करावा लागला. आतां सपाट जागा लागली आहे, येथें तें आटोक्यांत येईल. हा संवाद बहुतेक टीकाकार वेगवर्णनाची केवळ प्रस्तावना म्हणून ओलांडून जातात. आमच्या मतें मृगयेच्या दृष्टीनें तो सर्व अंकांतील अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. रथावरून मृगया करणाराची अडचण कोणती? जमीन. वारा नव्हे. दौडत्या घोड्यांचा आवाज आणि चाकांचा खडखडाट ज्यानें ऐकला त्या हरिणास माणसाचा वास आला काय आणि न आला काय, सारखेंच. कवीनें माळाचें जनावर निवडलें, माळाचें वाहन निवडलें, आणि त्या वाहनास जी एकच अडचण येते ती अचूक सांगितली. वाऱ्याचा उल्लेख न करणें हें येथें अज्ञान नसून औचित्य आहे.

दुसऱ्या अंकांत विदूषक मृगयेस कंटाळून जीं गाऱ्हाणीं सांगतो, त्यांतहि हीच गोष्ट दिसते. पहाटेच रान घेरणाऱ्या लोकांच्या कोलाहलानें आपली झोंप मोडते, ही त्याची मुख्य तक्रार. म्हणजे येथें हाका आहे. हांकारे रान उठवितात व जनावर राजाच्या बाजूस येतें. हाक्यांत वाऱ्याचा विचार मुळींच नसतो असें नाहीं. परंतु तो विचार करण्याचें काम रान घेरणाऱ्यांचें, राजाचें नव्हे. ते लोक पडद्यामागें राहतात. रंगभूमीवर त्यांचा नुसता गोंगाट पोंचतो.

रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ ज्या वनांत शिरतो, तेथें श्वानपथकें आणि जाळीं लावणारे लोक आधींच जाऊन बसलेले आहेत. चोरांचें व वणव्याचें भय नाहींसें केलेलें आहे, आणि जमीन घोड्यांच्या टापांस टणक आहे. हीं जाळीं म्हणजे वागुरा. आमच्या मराठींतील ‘वाघूर’ हा शब्द तिच्यापासूनच आला आहे. अवघड भूमि येथें राजासाठीं आधींच सोपी करून ठेविली आहे. आतां कोणी म्हणेल, या सर्गांत वारा नाहीं. पण तेंहि खरें नाहीं. वारा आहे. मृगयेच्या श्रमानें राजाच्या मुखावर घामाचे थेंब जमले असतां, कोंवळीं पालवी उघडीत आलेला गार वनवायु तो घाम पिऊन टाकतो. म्हणजे वारा राजाच्या तोंडावर येतो खरा, परंतु चवरी ढाळणाऱ्या सेवकासारखा. पारध्यास जो वारा तोंडावर हवा असतो, तोच वारा येथें आहे. मात्र त्याचें काम निराळें आहे. एकाच वाऱ्याच्या या दोन उपयोगांत राजा आणि पारधी यांमधील सर्व अंतर सांठविलेलें आहे.

(३) हें अंतर कवीच्या कल्पनेंतून आलेलें नाहीं. शास्त्रांतहि तेंच दिसतें. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध झाल्यापासून काव्यांतील राजव्यवहार ताडून पाहण्यास आपणांस मोठें साधन मिळालें आहे. त्याच्या आठव्या अधिकरणांत व्यसनांचा तरतम विचार करतांना कौटिल्य मृगयेचे गुण मोजतो. व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद कमी होतात, चालत्या व स्थिर लक्ष्यावर नेम साधण्याचा अभ्यास होतो, आणि क्रोधांत व भयांत प्राण्यांचें चित्त कसें होतें तें कळतें. शाकुंतलांतील सेनापति मृगयेची जी तरफदारी करतो ती बव्हंशीं हीच, आणि रघुवंशांतहि चललक्ष्याचा व भयक्रोधांच्या खुणा ओळखण्याचा हाच गुण येतो. पहिल्या अधिकरणांत तर, पारधी व श्वानपालक यांनीं चोर, श्वापदें व शत्रु यांचें भय दूर केलेल्या मृगवनांतच राजानें चललक्ष्याच्या सरावासाठीं जावें, अशी स्पष्ट आज्ञा आहे. रघुवंशांतील सज्ज केलेलें वन आणि अर्थशास्त्रांतील हें मृगवन एकमेकांशीं तंतोतंत जुळतें.

यावरून राजमृगयेचा हेतु निश्चित होतो. मांस अथवा कातडें मिळविणें हा तिचा हेतु नव्हे. ती युद्धाची तालीम आहे. तालमींत लक्ष्य पळतें असलें पाहिजे; बेसावध उभ्या असलेल्या हरिणाजवळ वाऱ्याखालून रांगत जाऊन बाण सोडण्यानें ती तालीम होत नाहीं. म्हणून ज्या ज्ञानाची राजास गरज नव्हती, तें राजासाठीं लिहिणाऱ्या ग्रंथकारांनीं लिहिलें नाहीं. रानांत हिंडलेल्या मंडळींच्या आक्षेपास हें उत्तर पुरेसें आहे. कवि चुकला नाहीं. प्रश्न चुकीच्या माणसास विचारला गेला.

(४) परंतु काव्यभक्तांचेंहि समाधान येथें होऊं नये. राजा जेव्हां तयार केलेल्या रानांतून बाहेर पडतो, तेव्हां काय होतें? रघुवंशांतच पाहा. दशरथ एका रुरुमृगाच्या मागानें जातां जातां परिवारापासून दूर पडतो आणि फेंसाळलेल्या घोड्यावरून तमसेच्या तीरीं पोंचतो. येथें तो एकटा आहे. पाण्यांत बुडणाऱ्या घागरीचा आवाज त्यास हत्तीच्या गर्जनेसारखा वाटतो, तो शब्दवेधी बाण सोडतो, आणि मुनिकुमार मरतो. वाल्मीकीच्या अयोध्याकांडांत हीच कथा दशरथ कौसल्येस सांगतो. तेथें ती शरयूच्या तीरावर, पावसाळ्यांतील रात्रीं घडते. रेडा, हत्ती किंवा दुसरें एखादें श्वापद पाण्यावर येईल म्हणून राजा दबा धरून असतो. ही पारध्याची रीत आहे, राजाची नव्हे. पाणवठ्यावर दबा धरणाऱ्यास डोळा, कान आणि वारा हे तिन्ही सांभाळावे लागतात. दशरथाजवळ अंधारांत कान तेवढा उरला होता, आणि त्या एका इंद्रियाच्या कौशल्याचा त्यास अभिमान होता. दोन्ही कवींनीं या प्रसंगीं वाऱ्याचें नांव काढलें नाहीं, हें खरें. पण एका इंद्रियावर विसंबून अवघड जागीं बाण सोडणें किती घातक, हें त्यांनीं जितक्या कठोरपणें दाखविलें आहे, तितकें कोणत्याहि शिकारग्रंथानें दाखविलें नसेल. हा प्रसंग केवळ शापाची सोय म्हणून वाचणारे टीकाकार त्याच्या अर्ध्या अर्थास मुकतात.

(५) या सर्वांहून निराळा असा साक्षीदार म्हणजे बाणभट्ट. सातव्या शतकांतील या गद्यकवीनें कादंबरींत शबरांच्या मृगयेचें जें वर्णन केलें आहे, त्याची जागाच वेगळी आहे. स्थळ विंध्याटवी, म्हणजे खरोखरी अवघड मुलूख. पाहणारा राजा नाहीं किंवा सारथीहि नाहीं. बापाच्या पंखांखालीं दडलेलें पोपटाचें पिलूं आहे. त्यास प्रथम दिसत कांहीं नाहीं, फक्त झाडीच्या आडून शबरांचे एकमेकांस दिलेले पुकारे ऐकूं येतात. आणि या पुकाऱ्यांत प्रथम काय येतें? वास. इकडे हत्तींच्या म्होरक्यानें तुडविलेल्या कमळवेलींचा वास. इकडे डुकरांनीं चावलेल्या नागरमोथ्याच्या रसाचा वास. इकडे हत्तीच्या छाव्यांनीं मोडलेल्या सालईचा तुरट वास. पुढें पाऊलखुणा, सांडलेलें रक्त, वाळल्या पानांचा आवाज, दिशांकडे पाहण्याची व कुत्रीं सोडण्याची आज्ञा येते.

वास म्हणजे वाराच. झाडीच्या आड असलेल्या जनावराचा वास ज्यास येतो, तो वाऱ्याच्या खालच्या अंगास उभा असतो. आणि जो असा उभा असतो, त्याचा वास जनावरास जात नाहीं. बाणानें वायु हा शब्द या पुकाऱ्यांत वापरला नसला तरी त्याचे शबर योग्य जागीं उभे आहेत. हें वर्णन अलंकारप्रचुर आहे, आणि हत्तींच्या सवयींची माहिती दरबारांतील गजशास्त्रज्ञांकडूनहि मिळण्यासारखी होती, हे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. तथापि मुद्दा असा कीं, ज्या क्षणीं ग्रंथकारानें राजास बाजूस सारून शबरांस बोलूं दिलें, त्याच क्षणीं नाक जागें झालें. हा योगायोग नव्हे. हर्षचरिताच्या आठव्या उच्छ्वासांतहि बहिणीच्या शोधार्थ विंध्याटवींत शिरलेल्या हर्षासारख्या सम्राटास निर्घात नांवाच्या शबर तरुणासच वाट विचारावी लागते. अवघड भूमींत ज्ञानाची मालकी कोणाकडे होती, हें बाणास नीट माहीत होतें.

(६) येथें एका शब्दाचा विचार केल्याशिवाय राहवत नाहीं. सिद्धांतकौमुदी शिकलेल्या प्रत्येकास ‘वातप्रमी’ हा शब्द रूपें घोकल्यामुळें परिचित असतो. अमरकोशांत तो ‘वातमृग’ या शब्दाबरोबर हरिणाच्या अर्थीं दिला आहे, आणि वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या कोशांत त्याचा अर्थ वेगवान् हरीण असाच आहे. व्युत्पत्ति मात्र ‘वाऱ्याचें मोजमाप करणारा’ अशी आहे. वेगाच्या बाबतींत वाऱ्याशीं बरोबरी करणारा, हा अर्थ त्यांतून निघूं शकतो. परंतु तोंड वर करून वारा चाचपणारें हरीण ज्यानें पाहिलें असेल, त्यास दुसरा अर्थ अधिक सरळ वाटेल. हा शब्द प्रथम वैयाकरणानें घडविला नसून रानांतल्या माणसानें घडविला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. शंका म्हणूनच ती आम्ही मांडतों. एका शब्दावर शास्त्राची इमारत उभारण्याचा जो प्रघात अलीकडे फार वाढला आहे, त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं.

मृगयेवरील खास ग्रंथांचा समग्र विचार हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा शके १०५१ च्या सुमाराचा मानसोल्लास बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९२५ पासून छापून निघाला. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचें श्यैनिकशास्त्र हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. दोन्ही ग्रंथांचे कर्ते स्वतः राजे आहेत, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. रुद्रदेवानें मृगयेचे आठ प्रकार सांगितले, त्यांत पाऊलखुणांवरून माग काढण्याचाहि प्रकार आहे. पण ग्रंथाच्या नांवाप्रमाणेंच त्याचें मन ससाण्यांत गुंतलेलें आहे, आणि सात परिच्छेदांपैकीं अखेरचे चार त्यांनाच वाहिलेले आहेत. ज्या डोंगरांत कॉर्बेट यानें पुढें वाऱ्याचा हिशेब ठेविला, त्याच डोंगरांचा हा राजा.

(७) मग पारध्याचें ज्ञान कोठें गेलें? तें पोथींत न उतरतां माणसांत राहिलें. आमच्या महाराष्ट्रांतील फासेपारधी आणि गायपारधी हीं नांवेंच पाहा. गायपारधी शिकविलेल्या गाईच्या अथवा बैलाच्या आडून काळविटाजवळ सरकत असे. काळवीट डोळ्यांचें जनावर असल्यामुळें त्याच्या डोळ्यांस फसविण्याची ही युक्ति आहे. वर केलेला डोळ्याचा व नाकाचा भेद ज्यास नीट उमगला, त्यासच ती सुचेल. तोच मनुष्य सांबरासाठीं कड्यावर गाय घेऊन जाणार नाहीं. हें शास्त्रच आहे; त्यास सूत्रें व टीका मिळाल्या नाहींत इतकेंच.

हें ज्ञान सांभाळणाऱ्या लोकांची गत काय झाली, तें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगणें नको. १८७१ पासून झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांच्या तावडींत फासेपारधीहि सांपडले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाहीं. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार हा अपराध ठरविला, आणि तें योग्यच झालें. माळावरचीं हरणें त्यामुळेंच उरलीं. परंतु पारध थांबली म्हणून पारध्याचें ज्ञान निरुपयोगी झालें असें नाहीं. जनावरांची गणना करणारा वनरक्षक आणि त्यांचें निरीक्षण करणारा अभ्यासक यांसहि कड्यावर तोच वारा ओळखावा लागतो.

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस शेवटीं एवढेंच सुचवावयाचें आहे. राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादींत शिकारखाना येतो. त्याचा एखादा जमाखर्चाचा कागद हातीं लागला तर तो अवश्य जपावा. चित्त्यास, बहिरी ससाण्यास व कुत्र्यांस काय खुराक लागे, माणसें किती होतीं व त्यांस काय मिळे, हें तो सांगेल. परंतु वारा कसा ओळखावा हें तो सांगणार नाहीं, कारण तें लिहून ठेवणें कारकुनाचें काम नव्हे. तें ज्ञान ज्या वृद्ध पारध्यांच्या आठवणींत अद्याप शिल्लक असेल, त्यांच्याकडे जावें. संशयानें नव्हे, एखाद्या जाणत्या शास्त्र्याकडे जावें तशा आदरानें जावें. आणि ते सांगतील तें त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीनें, स्थळ व ऋतु यांच्या नोंदीसह उतरून घ्यावें. एखादी पोथी शंभर वर्षें फडताळांत पडून राहिली तरी पुन्हां उघडतां येते. माणसाबरोबर गेलेली विद्या तशी पुन्हां हातीं लागत नाहीं.